लिंगावरचे बारीक दाणे: मोस की नुसतीच कातडीची ठेवण?

कोरडवाहू
वय 22. शिश्नाच्या टोकाच्या कडेने गोल, पांढुरके बारीक दाणे आहेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत, दोन-तीन वर्षांत वाढलेही नाहीत. शिवाय कातडी ताणली की दांड्यावर पिवळसर ठिपके दिसतात. मेडिकलवाल्याने न बघताच मोसांचं, म्हणजे गुप्तांगावरच्या चामखिळींचं, मलम दिलंय. लावावं का? जोडीदाराला लागण होईल का?

त्रिज्या
मलम तूर्त बाजूला ठेवा. कडेने रांगेत बसलेले, एकसारख्या उंचीचे, 1 ते 2 मिमीचे दाणे म्हणजे बहुतेक वेळा पर्ली पेनाइल पॅप्यूल्स. वयात येताना किंवा त्यानंतर उगवतात, सुंता न झालेल्यांत जास्त दिसतात. कधी एकच रांग, कधी दोन-तीन. अस्वच्छतेमुळे होत नाहीत, घासून जात नाहीत, आणि संसर्ग नसल्यामुळे जोडीदाराला लागायचा प्रश्नच नाही.

पिवळसर ठिपके बहुधा फोर्डाइस स्पॉट, म्हणजे केसाशिवायच्या तेलग्रंथी. असेच ठिपके पुष्कळांना वरच्या ओठाच्या कडेला आणि गालाच्या आतून असतात, आरशात बघा. पिळून काही हाती लागत नाही, सूज मात्र येते.

मोस ओळखायचा तो मांडणीवरून. तो रांग पाळत नाही. एक इथे, दोन तिथे, लहानमोठे, पृष्ठभाग खरखरीत, वाढला की फुलकोबीसारखा. आणि तो काही आठवड्यांत, महिन्यांत बदलतो. बहुतेक मोस एचपीव्ही या विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांनी होतात. संबंधानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी दिसतात, कधी बऱ्याच उशिरा. मोलस्कम या विषाणूजन्य त्वचारोगाचा दाणा गुळगुळीत, चकचकीत, मधोमध खळगा. हर्पीसमध्ये पाण्याने भरलेल्या फोडांचा घोस, आग, मग उघड्या जखमा. न दुखणारी, कडक बुडाची एकच जखम असेल तर सिफिलीसची तपासणी लगेच करा. ती आपोआप भरून येते, तिथेच लोक फसतात.

मोसांच्या औषधांत पोडोफायलोटॉक्सिन किंवा इमिक्विमॉड असतं. निरोगी पातळ कातडीवर लावलं की आग होते, ती सोलवटते. मग ती जखम बघून मूळचं दुखणं काय होतं हे डॉक्टरांनाही सांगणं कठीण जातं.

सदाफुली
बायकांमध्ये या पर्ली पॅप्यूल्सच्याच जातीचा प्रकार योनीच्या आतल्या पाकळ्यांच्या आतल्या बाजूला दिसतो. मऊ, गुलाबी, दोन्हीकडे सारखे कोंब. प्रत्येक कोंबाचं बूड वेगळं असतं. मोसांचे कोंब बुडाशी एकमेकांत मिसळलेले असतात. तपासताना हा फरक फार कामाला येतो. नेमका तोच न बघता 'नवऱ्याकडून आलं' असं ठरवून टाकतात, आणि घरात नसती भांडणं.

पारवा
तीन गोष्टी राहिल्या.

दाढीच्या ब्लेडने केस काढल्यावर येणारे लाल, टोकदार पुटकुळ्यांसारखे दाणे म्हणजे आत वळलेले केस. काही दिवस ब्लेड बंद. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दिवसातून दोन-तीनदा 10 मिनिटं ठेवा, पिळू नका. पुढे 2-3 मिमी ठेवून ट्रिमर वापरा.

वृषणाच्या पिशवीवरचे तांबडे-जांभळे टिपके म्हणजे अँजिओकेराटोमा. वयाबरोबर वाढतात. खरवडले तर रक्त येतं. स्वच्छ कापडाने 10 मिनिटं सलग दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. मात्र लहान वयात बेंबीपासून मांड्यांपर्यंत पुष्कळ असतील आणि हातापायांची आगही होत असेल, तर फॅब्री नावाच्या आनुवंशिक आजाराची तपासणी हवी.

लिंगावर खाजणाऱ्या गाठी, रात्री खाज जास्त, बोटांच्या बेचक्यांतही? ती खरूज. 5 टक्के पर्मेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत, 8 ते 12 तास, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आणि 7 दिवसांनी पुन्हा. गाठी त्यानंतरही काही आठवडे राहतात. औषध फसलं समजून रोज लावत बसू नका, त्याने कातडी नुसती चिडते.

कोरडवाहू
व्हिनेगर लावून पांढरं झालं तर मोस, असं वाचलं. घरी करू? की रक्त तपासू?

त्रिज्या
व्हिनेगर नको. साधी सुजलेली किंवा घासली गेलेली कातडीही पांढरी पडते, त्यामुळे निष्कारण घाबराल. रक्ततपासणीतही हे दाणे दिसत नाहीत, एचपीव्हीचे मोसही नाहीत. व्हीडीआरएल (सिफिलीसची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही तपासणी वेगळ्या कारणासाठी असते: निरोध न वापरता संबंध आला असेल तर जरूर करा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा.

दाखवायचं त्वचारोग तज्ज्ञाला, भिंतीवर 'गुप्तरोग' रंगवलेल्या दवाखान्यात नाही. सरकारी रुग्णालयात लैंगिक आजारांचं 'सुरक्षा क्लिनिक' विचारा. विचारायला संकोच वाटत असेल तर एड्स हेल्पलाइन 1097.

पारवा
आणि 'दाद-खाज'चं तिहेरी मलमही नको. त्यात बहुधा क्लोबेटासोल असतं, जांघेची कातडी पातळ होऊन कायमचे चरे पडतात. कुरपाचं सॅलिसिलिक ॲसिड आणि चुना तर नकोच.

कोरडवाहू
काढून टाकता येतात का?

सदाफुली
येतात. भूल देऊन कार्बन डायऑक्साइड लेसरने. पण ते फक्त दिसण्यासाठी. व्रण राहू शकतो, रंग बदलू शकतो, भरेपर्यंत संबंध बंद. आधी नुसतं दाखवून निदान करून घ्या. बऱ्याच जणांना त्यानंतर काढायची गरजच वाटत नाही.