कानातली गाणी आणि मनाची हवा: सांगली-मिरजेकडचे अनुभव

या पावसाळ्यात आमच्या घरात एक गोष्ट कळली, म्हणून हा धागा काढतेय.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. लेक १७ वर्षांची, बारावीला. जून लागला की तिच्या कानातले इअरफोन निघत नाहीत, हे मी गेली काही वर्षं बघत होते. जेवायला हाक मारली तरी ओ नाही. आवाज इतका मोठा, की शेजारी बसलं तरी ठेका ऐकू यायचा. मी चिडायचे. एकदा तर फोन काढून घेतला आणि कपाटात ठेवला. त्या रात्री पोर झोपलीच नाही. सकाळी तिचे डोळे बघून माझा राग गेला आणि मी पहिल्यांदा नीट विचारलं, एवढं काय ऐकतेस गं?

म्हणाली, "गाणं ऐकायचं म्हणून नाही गं लावत. पावसाचा आवाज नको वाटतो."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ११ वर्षांची होती. ज्यांनी महापुराचा तो आठवडा सांगलीत काढला त्यांना वेगळं सांगायला नको. "आयर्विनला किती फूट?" एवढाच प्रश्न, दारात, फोनवर, जिन्यात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पाण्याची उंची तिथे मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही सामान माळ्यावर चढवत होतो आणि ही जिन्यात बसून पाणी कितव्या पायरीला आलं ते मोजत होती. "आई, पाचवी बुडाली." पुढे चिखल काढला, भिंती वाळल्या, रंग दिला. आमच्या लेखी पूर संपला. तिच्या कानात तो दर जूनला परत येत होता आणि मी तिला गाण्यांचं वेड लागलंय म्हणत होते.

मग तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला. रात्रीची म्हणून तिने वेगळी यादी केलीय, त्यातला क्रम तिने ठरवलाय. पहिली दोन गाणी इतकी जड की मलाच कसंतरी झालं. तिसऱ्यापासून ठेका जरा मोकळा होतो. सातव्या-आठव्याला तर पाय हलतात. म्हटलं, आधीच आनंदी गाणं का नाही लावत? तर म्हणे, "लगेच लावलं की ते खोटं वाटतं."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यात आहे. तुमच्या घरातली मुलं काय ऐकतात? तुम्ही त्या वयाचे असताना काय ऐकत होता, आणि त्याने मनाचं काय व्हायचं? मुलांनी स्वतः लिहिलं तर फारच चांगलं.

मिरज, वय २४

ताई, मी लिहितो. आमचं घर तंबोरे-सतारी करणाऱ्यांचं. मिरजेत हे काम पावणेदोनशे वर्षांच्या आसपास चाललंय. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडे येणाऱ्यांना वाटतं, हा मुलगा दिवसभर राग ऐकत असणार. मी दिवसभर मराठी रॅप ऐकतो.

मंगळवेढा-पंढरपूरकडून भोपळे येतात. ते आतून साफ करायचे, लाकूड घासायचं, पॉलिशचे हात द्यायचे. तासन्‌तास एकच हालचाल. तिथे रॅप लागतोच. शब्द अंगावर येतात, हात आपोआप ठेक्यात पडतो, दुपारची सुस्ती उडते. अब्बांना सुरुवातीला आवडत नव्हतं. पण काम बरोबर होतंय म्हटल्यावर काही बोलले नाहीत.

फक्त जवारी काढताना कानात काही नाही. जवारी म्हणजे घोडीचा, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा भाग कानसेने इतका बारीक घासायचा, की तार त्यावर हलकी घासत कंप पावली पाहिजे. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आला की आवाज एकदम उघडतो, बंद खोलीची खिडकी उघडावी तसा. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळते.

मागच्या वर्षी माझं एकाशी भांडण झालं होतं आणि त्याच तावात मी घोडी घासायला बसलो. दोन तास झाले, आवाज काही उघडेना. अब्बा नुसते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ठेव खाली. घोडी बरोबर आहे, तू बरोबर नाहीस." दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो, पाव तासात काम झालं. मला वाटायचं गाण्यामुळे मन बदलतं. इथे उलटंही आहे. मन बिघडलेलं असेल तर कान सुराची जागाच दाखवत नाही.

विश्रामबाग (सांगली), सध्या पुण्यात वसतिगृहात, वय १९

मी कोरियन गाणी ऐकते. हो, तीच. घरी पहिला प्रश्न यायचा, "काय कळतं त्यातलं?" सुरुवातीला काहीच कळायचं नाही, आणि मला तेच बरं वाटायचं. पुण्यात पहिले तीन महिने खोलीत कुणाशी बोलणं नव्हतं, घरचा फोन आला की रडू यायचं. मराठी गाणं लावलं की प्रत्येक शब्दात घर. कोरियन गाण्यात नुसता आवाज, चाल आणि सोबत. पुढे त्यांची लिपी शिकले, आता ओळी वाचता येतात. आजी सुट्टीत माझ्या शेजारी बसून एक गाणं पूर्ण ऐकते. त्यातला एक मुलगा तिला "सुरात आहे" असं वाटतं.

आरेवाडीजवळ, तालुका कवठेमहांकाळ, वय २१

पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर पळायचं असतं. ग्राउंडवर सगळी पोरं पळताना जिमची इंग्रजी गाणी लावतात. मीबी लावायचो. पण तिसऱ्या फेरीला दम तुटायचा.

आमच्याकडं बिरोबाच्या यात्रेला धनगरांचं गजीनृत्य असतं. ढोल सुरू झाला की आधी पाय संथ पडतात, हातातला रुमाल हळू फिरतो, मग ढोलाबरोबर चाल वाढत जाते. म्हातारी माणसं पण तासभर नाचतात, दमत नाहीत. एकदा चुलत्याच्या ढोलाचं फोनवर रेकॉर्डिंग केलं आणि तेच लावून पळालो. श्वास त्या ठेक्यात बसला. वेळ किती कमी झाला ते सांगत नाही, भरती झाल्यावर सांगीन. पण शेवटच्या फेरीला छातीत भीती राहिली नाही, एवढं खरं.

कॉलेजला सांगलीत होतो तेव्हा मी धनगरी ओवी ऐकतो हे कुणाला सांगत नव्हतो. बसमध्ये फोनचा आवाज बारीक करायचो. मेंढरं राखणाऱ्याचं पोरगं म्हणतील, असं वाटायचं. आजा रात्री ओवी धरायचा, एकानं म्हणायची आणि बाकीच्यांनी मागनं झेलायची. आजा गेला. आता तो आवाज कुठंच मिळत नाही, तेव्हा का रेकॉर्ड केला नाही, हे फार लागतं मनाला. ज्यांचे आजा-आजी गातात त्यांनी आजच फोन काढा.

तासगाव, वय ५८

आमच्या वेळी ६० मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची आणि दुकानात भरायला द्यायची. एका बाजूला ३० मिनिटं, म्हणजे सहा-सात गाणी. त्यामुळे एकेक गाणं तोलूनमापून निवडायचो. वडील म्हणायचे, पैसे पाण्यात. द्राक्षबागेत रात्री पाणी द्यायला जाताना टेपरेकॉर्डर बरोबर असायचा. आजही त्यातलं एखादं गाणं कुठे लागलं तर मला ओल्या मातीचा आणि औषधाच्या फवाऱ्याचा वास येतो. पंधरा ते वीस या वयात ऐकलेलं आत कायमचं बसतं. मुलाला मी आता काही बोलत नाही. तोही स्वतःचा साठा करतोय.

पलूस, वय २०

वरचं सगळं वाचलं. माझा अनुभव वेगळा आहे, तोही इथे असावा.

बारावीत मार्क कमी पडले. त्याच महिन्यात एक मैत्री तुटली. एक दुःखी गाणं मिळालं आणि मी ते दोन महिने ऐकलं. तेच, तेच. सुरुवातीला रडू यायचं आणि हलकं वाटायचं. नंतर रडू यायचं बंद झालं, गाणं मात्र सुरूच. त्यातली ओळ माझीच ओळ झाली, की आता काही उरलं नाही. ताई, तुमच्या मुलीची यादी पुढे सरकते. माझ्याकडे यादीच नव्हती, एकच गाणं होतं.

मित्राच्या लक्षात आलं. त्याने उपदेश केला नाही. संध्याकाळी लेझीमच्या सरावाला ओढून नेलं. तिथे हलगीवाले चिपाडं पेटवून हलगी शेकत होते. कातडं तापून ताणलं जातं आणि आवाज कडक होतो. त्यातल्या एका काकांनी एक हलगी माझ्या हातात दिली, म्हणाले, "धर जाळावर, पण जवळ नको, फुटंल." अर्धा तास मी तेवढंच केलं. फिरवत राहायचं, मधूनच बोटाने वाजवून बघायचं. दोन महिन्यांत पहिल्यांदा डोक्यात ते गाणं नव्हतं. पुढे डॉक्टरांकडेही गेलो, गोळ्या घेतल्या, आता बरा आहे. कुणी एकच गाणं आठवडेच्या आठवडे ऐकत असेल, जेवण आणि झोप कमी झाली असेल, तर त्याला एकटं सोडू नका.

सांगली, शाळेत समुपदेशन करते

पलूसच्या दादा, तुम्ही हे लिहिलंत, फार बरं केलंत. दुःखी गाणं ऐकणारं प्रत्येक मूल काळजीचं नसतं, उलट बऱ्याचदा गाणं त्याला सोबत करत असतं. ऐकून झाल्यावर मूल मोकळं होतंय की आणखी आत जातंय, तेवढं बघायचं.

धागा काढणाऱ्या ताईंना एक सांगते. लेकीने जे स्वतः शोधलं, ती संगीतोपचारातली मान्य रीत आहे. माणूस ज्या मनःस्थितीत असेल तिथून संगीत सुरू करायचं, मग टप्प्याटप्प्याने पुढे न्यायचं. तिचं "खोटं वाटतं" अगदी बरोबर आहे.

पण आवाज कमी करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, आणि ९० डेसिबलला फक्त ४ तास. पावसाचा आवाज झाकायला ती आवाज वाढवत असणार. त्याऐवजी कान पूर्ण झाकणारे, बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन घ्या, कमी आवाजात काम होईल. आणि वाचताना शब्दांचं गाणं नको, गाण्यातले शब्द पुस्तकातल्या शब्दांत अडकतात. नुसतं वाद्य चालेल.

मिरज, वय २४ (पुन्हा)

नुसतं वाद्य म्हटलंय म्हणून सांगतो. इथल्या मिरासाहेब दर्ग्यात गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं होतं. खाँसाहेबांची कबर तिथेच आहे. माझे रॅपवाले मित्र एकदा फक्त चहाला म्हणून आले आणि पहाटेपर्यंत हलले नाहीत. पण गर्दी नको असेल तर ताई, लेकीला घेऊन आमच्याकडे या. पाऊस असताना या.

सांगली, गावभाग (धागा काढणारी)

सगळ्यांचं वाचलं, तिलाही वाचायला दिलं. हेडफोन घेतले. तिने पलूसच्या दादांचं दोनदा वाचलं आणि यादीतलं पहिलं गाणं काढून टाकलं. का, ते मी विचारलं नाही.

रविवारी मिरजेला गेलो. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. तिचा हात खिशातल्या हेडफोनकडे गेला. त्या मुलाच्या वडिलांनी काही न बोलता एक तंबोरा तिच्या मांडीवर आडवा ठेवला आणि भोपळ्याला कान लावायला सांगितलं. स्वतः चारी तारा छेडत बसले. प, सा, सा, आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. ती तशीच वाकून बसली, डोळे मिटून. पाऊस वाढला, तिने मान वर केली नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "काका, तारा चार आहेत ना? मग हा पाचवा आवाज कुठून येतोय?"

ते हसले. म्हणाले, "गंधार आहे बेटा, म्हणजे ग. तो कुणी वाजवत नाही. जवारी बरोबर लागली, की खर्जातून आपला आपण येतो."

तिने पुन्हा कान लावला.