स्टीलपॅन, सोका, चटणी... कॅरिबियन नाचगाण्याचे तुमचे अनुभव

काल नदीपात्राजवळून येताना ढोल-ताशाचा सराव ऐकू आला आणि स्कूटर बाजूला घेऊन उभीच राहिले. मन मात्र थेट त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला.

२०१८च्या फेब्रुवारीत कामासाठी त्रिनिदादला गेले होते, कार्निव्हलच्या आधीचे दिवस. उतरले होते त्या घरची बाई म्हणाली, रात्री पॅनयार्डात जा, म्हणजे स्टीलपॅन (तेलाच्या पिंपाचं वाद्य) वाजवणाऱ्यांच्या तालमीच्या जागी. ट्रॅगरीट रोडवर इन्व्हेडर्स या बँडचं यार्ड आहे. पॅनोरमा या स्टीलपॅन बँडांच्या स्पर्धेची तालीम चालली होती. मोठ्या बँडात १२० पर्यंत वादक असतात. समोर कागद कुणाच्याच नाही. अरेंजर (गाणं बँडसाठी बसवणारा) एकेक तुकडा सांगणार, पोरं तो हातात बसेपर्यंत घोटणार. तीच ओळ, पुन्हा तीच ओळ. दोन तास जागची हलले नाही. मग सगळे एकदम सुटले. मागे 'इंजिन रूम', म्हणजे नुसता ठेका धरणारे. त्यात मोटारीचा ब्रेक ड्रम लोखंडी कांबीने बडवतात, त्याला 'आयर्न' म्हणतात. तो छातीत वाजतो हो, कानात नाही.

शेजारी एक टँटी उभी होती (तिकडे मावशीला टँटी). माझा हात धरून म्हणाली, पाय उचलू नकोस, घसटत चाल, कंबर सैल सोड. याला 'चिपिंग' म्हणतात. कार्निव्हलला दिवसभर रस्त्यावर असंच चालतात. तिनेच सांगितलं, इंग्रज सरकारने १८८०च्या दशकात ढोलांवर बंदी आणली, तेव्हा लोक बांबू आपटून वाजवू लागले, पुढे बिस्किटांचे डबे, आणि मग तेलाची पिंपं. त्यानंतर ते पिंप नुसतं बघूनही मला भरून येत होतं.

तुम्ही कुठे ऐकलंय, नाचलाय? लिहा.

खारा_वारा
इन्व्हेडर्सचं यार्ड!! अगं समोर क्वीन्स पार्क ओव्हल, क्रिकेटचं मैदान! १९७१ साली गावसकरने शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२० तिथेच काढल्या. चार कसोटींत ७७४. तिथल्या लॉर्ड रिलेटर या गायकाने त्याच्यावर कॅलिप्सो (तिकडचं गाणं) रचला. हरवणाऱ्याचं कौतुक गाण्यात करणारी माणसं, मला फार आवडतात. बाबा रेडिओला कान लावून बसायचे. त्याच मालिकेतल्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ विसरू नका कुणी.

जाईजुई
ह्यांच्या नोकरीमुळे तीन वर्षं त्रिनिदादमध्येच सॅन फर्नांडोला होतो. शेजारच्या आजींच्या नातीचं लग्न, आदल्या शुक्रवारी माटीकोर, म्हणजे लग्नाआधीचा बायकांचा विधी. फक्त बायका. तासा (आपला ताशाच) वाजतोय, ढोलक, आणि अशी गाणी की मी लाजून लाल. आपल्या हळदीला आज्या सुटतात तश्शाच! चटणी संगीत, म्हणजे तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांची नाचाची गाणी, ह्यातूनच वर आलं. नुसत्या बायकांत नाचायच्या तेच पुढे स्टेजवर, आणि द्रुपती रामगुनाई ही गायिका गायली तेव्हा म्हणे खूप टीका झाली तिच्यावर. आजींना भोजपुरी बोलता येत नव्हती, गाणी मात्र सगळी पाठ. १८४५ला भारतातून मजुरांचं पहिलं जहाज तिकडे गेलं, किती पिढ्या झाल्या बघा. मी रडले होते त्या दिवशी. कुकर झालाय, नंतर लिहिते

मधली_सुट्टी
बाबला आणि कांचनच्या कॅसेट होत्या आमच्याकडे! चटणीची गाणी मुंबईत बसून गायलेली, आम्हाला वाटायचं भोजपुरीच आहे. 'लैला ओ लैला'वाली तीच कांचन. कॅसेट मामाने नेल्या, परत आल्याच नाहीत. मामा वाचत असशील तर दे.

पोहेवाली
जाईजुई, तिकडचे डबल्स खाल्लेत का? त्यातला 'बारा' (तळलेली पोळी) कसा करतात, मैदाच ना?

जाईजुई
मैदा, हळद, जिरेपूड, यीस्ट. पीठ अगदी सैल, हाताला तेल लावून थापायचं, तळायचं. दोन बारांच्या मधे छोले, वर काकडी आणि चिंचेची चटणी. तिखट विचारलं तर 'स्लाइट' म्हणायचं, तेच पुरे होतं.

तीन_दोन
मी क्युबाला, सँटियागोच्या कासा दे ला त्रोवात, तिथलं गाण्याबजावण्याचं ठिकाण. इथे दोन वर्षं साल्सा शिकून गेलो होतो. एका आजोबांनी सांगितलं, मोजू नकोस, क्लावे ऐक. दोन लाकडी दांडक्या, तीन ठोके आणि दोन ठोके, बास. ते पकडल्यावर पाय आपोआप पडायला लागले. आजही भाजी चिरताना सुरीने तेच वाजतं.

आई_दमली
सराव कुठल्या पुलाजवळ होता? आमचं पिल्लू नऊला झोपतं आणि बरोब्बर तेव्हाच सुरू करतात. पण खिडकीत उभं केलं की तेही डुलतं.

धागाकर्ती
आई_दमली, म्हात्रे पुलाजवळ. पिल्लूला पापा. खारा_वारा, ओव्हलचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आता पुन्हा जायला हवं!

पोहेवाली
पुढच्या कार्निव्हलला आईला (वय ६८) घेऊन जायचं म्हणतेय. गर्दी झेपेल?

धागाकर्ती
यार्डात ने. बसायला बाक असतात, रात्री दहानंतर रंग चढतो. जूवे, म्हणजे कार्निव्हलची सुरुवात, सोमवारी पहाटे, चिखल आणि रंग, तो आईला फुटपाथवरून बघू दे. कापसाचे बोळे ने, इंजिन रूमच्या शेजारी उभी राहायला मागेलच ती.