मदत हवी आहे : रेडॉनची संयुगे झेनॉनपेक्षा कमी का?

बारावीच्या विद्यार्थ्यांना निष्क्रिय वायूंचे रसायनशास्त्र शिकवताना एक प्रश्न अडला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

1962 साली रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडने ऑक्सिजनच्या रेणूतील इलेक्ट्रॉन निघतो हे पाहिले आणि झेनॉनची आयनीभवन ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारी ऊर्जा (सुमारे 1170 किलोज्यूल प्रति मोल), ऑक्सिजनच्या रेणूच्या जवळजवळ तेवढीच असल्यामुळे तोच प्रयोग झेनॉनवर करून पाहिला. हा तर्क मला आजही फार देखणा वाटतो. त्यानंतर झेनॉनची दोन, चार आणि सहा फ्लोरीन अणू असलेली फ्लोराइडे, शिवाय ऑक्साइडेही मिळाली.

हाच तर्क पुढे नेला, तर सुमारे 1037 किलोज्यूल प्रति मोल एवढीच आयनीभवन ऊर्जा असलेला रेडॉन अधिक क्रियाशील ठरायला हवा. प्रत्यक्षात मात्र त्याचे डायफ्लोराइड (दोन फ्लोरीन अणू असलेले) तेवढे ठामपणे ज्ञात आहे आणि तेही झेनॉनच्या डायफ्लोराइडसारखे सहज बाष्परूप होत नाही.

रेडॉन-222 चा अर्धायुकाल जेमतेम 3.8 दिवसांचा असून त्याचे प्रारण संयुगाचे विघटन करते, ही प्रायोगिक अडचण मला मान्य आहे. परंतु कारण एवढेच आहे, की जड अणूंतील सापेक्षतावादी परिणामांमुळे (इलेक्ट्रॉनांच्या अतिवेगामुळे होणाऱ्या बदलांमुळे) 6एस, म्हणजे सहाव्या कवचाच्या एस कक्षकातील, इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे अधिक खेचले जाऊन बंधनिर्मितीत सहसा उतरत नाहीत आणि म्हणून उच्च फ्लोराइडे मुळातच अवघड ठरतात? शिशामध्ये +4 पेक्षा +2 ऑक्सिडीभवन अवस्था अधिक स्थिर असते, तो निष्क्रिय जोडीचा परिणाम (बाह्य एस इलेक्ट्रॉनांची जोडी बंधात न उतरणे) येथे लावणे कितपत योग्य ठरेल?