सिलॅनॉलची घरटी: बुजवायची की राखायची?

झिओलाइट म्हणजे सूक्ष्म रंध्रांचा, मुख्यतः सिलिकॉन-ऑक्सिजनच्या चौकटीचा स्फटिक. चौकटीत बंध तुटका राहिला की सिलॅनॉल (सिलिकॉनवरचा ओएच गट) उरतो; असे गट जवळजवळ जमले की ते घरटं. ही घरटी बुजवायची की राखायची, यावर चौकट, रंध्र आणि वर्णपट (ही टोपणनावं) यांची चर्चा.

चौकट:
नेहमीच्या अल्कधर्मी पद्धतीने सिलिकॅलाइट-१ (शुद्ध सिलिकाचा झिओलाइट) बनवला की दोष येणारच. एका युनिट सेलमध्ये (स्फटिकाच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या एककात) ९६ सिलिकॉन आणि ४ टीपीए कॅटायन. टीपीए म्हणजे टेट्राप्रोपिलअमोनियम, ज्याभोवती स्फटिक घडतो तो टेम्प्लेट. त्यांचा धनभार फेडायला चौकटीत तितकेच ऋणभारित ऑक्सिजन तुटक राहतात आणि शेजारची सिलॅनॉल हायड्रोजन बंधाने त्यांना बिलगतात. टेम्प्लेट आत असताना प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजन अणूंचा चुंबकीय अनुनाद वर्णपट) १० पीपीएमजवळ शिखर दिसतं, तो हाच बंध. ५५० अंशांना टेम्प्लेट जाळला तरी घरटी पुरती मिटत नाहीत. फ्लोराइड पद्धतीत भार फेडायचं काम छोट्या पिंजऱ्यात बसलेला फ्लोराइड करतो, म्हणून चौकट जवळपास अखंड राहते.

माझं ठाम मत: गरम पाण्यात चालणाऱ्या अभिक्रियेसाठी फ्लोराइड मार्गच घ्या, नाहीतर सिलिलेशन करून (सिलॅनॉलवर सिलिकॉनचे गट चढवून) घरटी बुजवा. २०० अंशांच्या द्रवरूप पाण्यात पडझड सुरू होते ती घरट्यापासून. तिथे पाणी साठतं, लगतचा सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटतो, नवी सिलॅनॉल तयार होतात आणि ती आणखी पाणी ओढतात.

रंध्र:
सरसकट बुजवायला माझा विरोध आहे. जपानच्या सुमितोमो केमिकलने २००३ मध्ये सायक्लोहेक्सॅनोन ऑक्झाइमपासून बाष्प अवस्थेत कॅप्रोलॅक्टम (नायलॉनचा कच्चा माल) बनवायला सुरुवात केली. उत्प्रेरक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिकाचा एमएफआय (सिलिकॅलाइट-१ च्याच रचनेचा झिओलाइट). त्यात काम करतात ती घरटीच. जुन्या पद्धतीतलं गंधकाम्ल आणि त्यामागून ढिगाने निघणारं अमोनियम सल्फेट त्यामुळे टळलं. तुमचा अखंड स्फटिक इथे निरुपयोगी.

टिन-बीटाचंही (बीटा झिओलाइटच्या चौकटीत टिन बसवलेला उत्प्रेरक) तेच. बीटा १३ मोलर नायट्रिक आम्लात १०० अंशांना २० तास ठेवला की अ‍ॅल्युमिनियम निघून जातो. रिकाम्या जागी घरटं उरतं. कोरड्या पावडरीत टिन अ‍ॅसिटेट खलून ५५० ला भाजा, टिन नेमकं त्या जागी बसतं. फ्लोराइडने थेट टिन-बीटा करायला कित्येक आठवडे जाऊ शकतात, वर हायड्रोफ्लोरिक आम्ल हाताळायचा धोका.

वर्णपट:
आधी घरटी किती ते नीट मोजा, मग भांडा. आयआरसाठी (अवरक्त वर्णपटासाठी) केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) गोळी नको; ती स्वतःच ओलावा धरते. नुसत्या झिओलाइटची, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० मिलिग्रॅम भरेल अशी चकती दाबा आणि सेलमध्येच निर्वातात ४५० अंशांना दोनेक तास ठेवा. ३७४५ वेव्हनंबरला टोकदार पट्टा म्हणजे एकटं सिलॅनॉल. ३५०० च्या आसपास पसरट फुगवटा म्हणजे घरटं. बंध जितका घट्ट, तितका पट्टा खाली सरकतो. चकतीत पाणी राहिलं तर ३४०० चा पट्टा याच फुगवट्यात मिसळतो. पाणी गेलं का हे १६३० वरून ठरवू नका, सिलिकाचा ओव्हरटोन (चौकटीच्या मूळ कंपनाच्या पटीतला पट्टा) तिथेच येतो. ५२५० जवळ पाहा.

सिलिकॉन एनएमआरमध्ये उणे १०३ चं क्यू३ शिखर (एक ओएच असलेला सिलिकॉन) क्रॉस पोलरायझेशनने (प्रोटॉनकडून सिलिकॉनला चुंबकत्व देणाऱ्या पद्धतीने) फुगतं, कारण ज्यांच्याजवळ प्रोटॉन आहे तेच सिलिकॉन उजळतात. टक्केवारी काढायची असेल तर थेट उत्तेजन वापरा, दोन पल्समध्ये किमान मिनिटभर जाऊ द्या.

चौकट:
मोजमापाचं सगळं पटलं. पण रंध्र, टिन घातल्यावर सगळी घरटी भरतात का? ३५०० चा फुगवटा उरतोच. उरलेल्या घरट्यांत पाणी साखळीने जमतं आणि ग्लुकोजचं फ्रुक्टोज होण्याचा वेग घटतो.

रंध्र:
ग्लुकोजपुरतं कबूल. पण टायटॅनियम-बीटावर हायड्रोजन पेरॉक्साइडने १-ऑक्टीनचं इपॉक्सिडेशन (दुहेरी बंधावर ऑक्सिजन चढवणं) करा, चित्र बरोबर उलटं. तिथे घरटी असलेला नमुना जास्त वेगवान. संक्रमण अवस्था घरट्याभोवतीच्या पाण्याच्या पुंजक्यांची घडी मोडते, एन्ट्रॉपी वाढते, वेग चढतो.

चौकट:
ती अभिक्रिया चाळीसेक अंशांना, अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये चालते. मी २०० अंशांच्या पाण्याबद्दल बोलतोय. तिथे घरटी ठेवून चौकट टिकवून दाखवा, मी मत बदलतो.