मदत हवी आहे: शिसं वितळवायची लाकडाची भट्टी, जाळ कमी पडतोय

किनारा_०७
पागाच्या (मासे धरायच्या फेकजाळ्याच्या) शिशाच्या गोळ्या घरीच ओतायच्यात, तयार परवडत नाहीत. परसात चिऱ्याची भट्टी बांधली, खाली भंगारातला ब्लोअर लावलाय, लाकूड आंब्याचं आणि अकेशियाचं. शिसं वितळतं पण पळीत घेतलं की लापशी होते, साचा अर्धाच भरतो आणि गोळी खडबडीत येते. जाळ कमी पडतोय हे उघड आहे. भट्टी उंच करू की ब्लोअर मोठा लावू? लवकर सांगा, शनिवारी ओतायचंय.

गॅसशेगडी
लाकडाचा नाद सोड भाऊ. वडेवाल्यांकडे असतो तो मोठा बर्नर आणि सिलिंडर. कॉक फिरवला की हवा तेवढा जाळ. मी दुसरं काही वापरतच नाही.

किनारा_०७
भट्टीबद्दल विचारलंय, गॅसबद्दल नाही. लाकूड घरचं आहे.

मिस्त्री_वर्कशॉप
आधी सांग शिसं कुठून आणलंस, भांडं कसलं आहे आणि साचा कसला. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, त्याला साधी चूलसुद्धा पुरते. ब्लोअर लावलेल्या लाकडाच्या जाळात ८०० सहज जातं. जाळ कमी पडायचा प्रश्नच येत नाही.

किनारा_०७
शिसं भंगारवाल्याकडचं. भांडं लोखंडी. साचा अल्युमिनियमचा, तो ठीक आहे.

इन्व्हर्टरवाला
भंगारवाल्याकडून कशाला घेतोस, जुन्या बॅटऱ्या फोड. ट्रकच्या एका बॅटरीत भरपूर शिसं निघतं, मी लहानपणी काकांच्या दुकानात बघितलंय.

मिस्त्री_वर्कशॉप
@इन्व्हर्टरवाला असले सल्ले कृपा करून देऊ नका. आत ॲसिड असतं, आणि प्लेटवरचा लगदा नुसत्या जाळावर वितळत नाही, त्याची विषारी धूळ होते. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारॉय-सुर-मेर म्हणून वस्ती आहे, तिथे लोक घराशेजारी बॅटरीचं शिसं काढायचे, २००७-०८ मध्ये १८ मुलं गेली. आपल्याकडेही २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी दुकानदाराला किंवा नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायची असते.
@किनारा_०७ भंगारवाल्याकडचं म्हणजे नक्की काय? पाइप, केबलचं आवरण, की टायरवाल्यांची बॅलन्सिंगची वजनं?

किनारा_०७
बहुतेक टायरवाल्यांचीच वजनं, थोडा जुना पाइप. त्याने काय फरक पडतो?

मिस्त्री_वर्कशॉप
सगळा फरक त्यानेच पडतो. आजकालची बरीच वजनं जस्ताची किंवा लोखंडाची असतात. जस्त ४१९ ला वितळतं. तू ब्लोअर मारून ते शिशात विरघळवतोस, मग पळीत जरा थंड झालं की जस्त गोठायला लागतं आणि लापशी होते. जाळ वाढवशील तर अजून जस्त आत जाईल. तुला जाळ *कमी* करायचाय.

चुलीवरचं_जेवण
लोखंडी भांडं म्हणजे कढई की पत्र्याचं काही?

किनारा_०७
जुनी बादली अर्धी कापली आहे. जाड पत्रा आहे, मजबूत आहे.

चुलीवरचं_जेवण
अहो म्हणजे जस्ती बादली! जस्त त्यातूनच आलंय, वजनांतून नाही.

मिस्त्री_वर्कशॉप
बादलीवरचा थर अगदी पातळ, त्याने एवढं शिसं लापशी होत नाही, मुख्य दोष वजनांचाच. पण बादली आज काढून टाक. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की ताप भरतो, आणि बुडाचा जोड सुटला तर सगळा रस पायावर. बिडाची कढई घे. छोटी चालते, १५ किलो शिसं दीड लिटरच्या आतच बसतं.

टेम्सकाठचा
इथे ब्रिटनमध्ये गळाची छोटी शिसाची वजनं विकायला १९८७ पासून बंदी आहे, हंस गिळून मरत होते म्हणून. टंगस्टन वापरतात. तुम्हीही विचार करा.

किनारा_०७
@टेम्सकाठचा टंगस्टनच्या पैशात नवीन पाग येईल. मुद्द्यावर या. कढई आहे घरात. जाळ कमी कसा ठेवू, लाकडाला कॉक नसतो.

गॅसशेगडी
म्हणूनच म्हटलं होतं गॅस.

मिस्त्री_वर्कशॉप
ब्लोअर बंद. कढई विटांवर वर घे, लाकूड बाहेर ओढलं की जाळ उतरतो. वजनं आधी निवड: पक्कडीने दाबलं की शिशावर खोल वण पडतो, जस्तावर जेमतेम. फरशीवर टाकलं तर शिसं ठप्प वाजतं, जस्त खणखणतं. काहींवर झेडएन (जस्त), एफई (लोखंड) छापलेलंही असतं. तरी एखादं चुकून गेलंच तर कमी जाळावर ते वर तरंगतं, लोखंडी क्लिपांबरोबर झाऱ्याने काढून टाक. मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळलंस तर मळी (रसावर साचणारी घाण) मोकळी होते, पेट घेतं तेव्हा तोंड लांब ठेव.

आणि पाणी. एक थेंब रसाखाली गेला तर वाफेने सगळं उडतं. भंगार थंड कढईतच भर, उकळत्या रसात ओलं काही टाकू नकोस, साचा आणि पळी शेकून घे. पावसाळी हवेत तर काहीच करू नकोस. चिरेही ओले असतील तर तडकतील.

इन्व्हर्टरवाला
काम झालं की गूळ खायचा आणि दूध प्यायचं, शिसं बाधत नाही. सगळे कारागीर हेच करतात.

सिस्टर_ओपीडी
गुळाने शिसं शरीरातून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रक्तात शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर सगळ्यात आधी परिणाम होतो. धुरापेक्षा ती करडी मळी आणि धूळ घातक, हाताला लागते आणि जेवताना तोंडात जाते. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही. कपडे वेगळे धुवा, मुलांना परसात येऊ देऊ नका, ती कढई परत स्वयंपाकात नको. आणि कोकणात आपण चुलीची राख भांड्यांना लावतो, अळूच्या वाफ्यात टाकतो, ती या भट्टीची राख अजिबात नको! दादा, घरात लहान मुलं आहेत का?

किनारा_०७
दोन आहेत, शनिवारी त्यांना आत्याकडे पाठवतो. भट्टी विहिरीपासूनही लांब हलवतो. जे आधीच लापशी झालंय त्याचं काय करू, बरंच आहे.

मिस्त्री_वर्कशॉप
परत वितळव, मग जाळ उतरवून हळूहळू निवू दे. शिसं पातळ असतानाच वर जाडसर साय येईल, त्यात बरंचसं जस्त असतं, ती काढत जा. उरलेलं पागाला चालेल. मळी झाकणाच्या डब्यात.

मालवणी_गळ
माका पण होयो असो साचो, खय गावतलो?