मदत हवी आहे: डीबीशेजारी विटांच्या भिंतीला आरपार भोक पाडायचे आहे

नमस्कार,

बाहेरच्या खोलीतल्या राउटरपासून आतल्या खोलीत इंटरनेटची केबल न्यायची आहे आणि त्यासाठी मधल्या भिंतीला १२ मिलिमीटरचे एक आरपार भोक पाडावे लागणार आहे. काम एवढेच आहे. पण जागा अशी आहे की ड्रिल हातात घेऊन मी दोनदा खाली ठेवले.

घर नागपुरात मानेवाडा भागात असून १९९७ सालचे आहे. भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची, दोन्हीकडचा गिलावा धरून साडेपाच इंच भरते. बाहेरच्या बाजूने याच भिंतीत डीबी, म्हणजे घरभर लाईनी वाटणारी विजेची पेटी, बसवलेली आहे आणि बरोबर तिच्या पाठीमागे, आतल्या खोलीत, ट्रॉलीवर इन्व्हर्टर व त्याची पाण्याची बॅटरी आहे. एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला आरसीसीचा कॉलम असल्यामुळे डीबीच्या डावीकडची सव्वा फूट जागाच काय ती मोकळी आहे.

वायर बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवी जाते, तेवढा पट्टा सोडावा, असे सगळेच सांगतात. आमच्या मिस्त्रींनी मात्र तो नियम पाळलेला नाही. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या खोलीत घड्याळासाठी खिळा ठोकला, तोही बोर्डापासून हातभर लांब, तर फट्कन ठिणगी उडाली, एमसीबी (शॉर्ट झाल्यावर आपोआप पडणारे बटण) पडला आणि खिळ्याचे टोक काळे पडून बोथट झाले. गिलावा फोडल्यावर पाइप पंख्याकडे तिरपा गेलेला दिसला. हे मिस्त्री आता हयात नाहीत आणि वायरिंगचा नकाशा कधी काढलाच नव्हता.

दुसरी अडचण अशी की मेन बंद केला, तरी इन्व्हर्टर लगेच सुरू होऊन दिवे-पंख्यांची लाईन चालूच ठेवतो. आणि दोन्ही बंद केले, तर ड्रिल चालवायचे कशावर? भिंतीतले पाइप कुठून गेले आहेत हे खात्रीने कसे ओळखावे आणि काम कोणत्या क्रमाने करावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे. वायरिंगच्याच पाइपातून केबल ओढून घेण्याचाही सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. २३० व्होल्टच्या तारा आणि इंटरनेटची केबल एका पाइपात घालू नये, कारण एखाद्या तारेचे आवरण सोलले गेले तर तो दाब थेट राउटरपर्यंत आणि तुमच्या हातापर्यंत येईल.

वायर शोधण्याचा पेन (वीज असलेल्या तारेजवळ नेला की वाजतो तो) वापरणार असाल तर तो वीज चालू असतानाच वापरा आणि त्या वेळी घरातले सगळे दिवे, पंखे चालू ठेवा, कारण बंद बटणापुढच्या तारेवर तो गप्प राहतो, न्यूट्रलवर आणि अर्थिंगवरही राहतो. कुलरच्या दिवसांत भिंतीला ओल असली तर उलट तो सगळीकडेच वाजतो. अर्ध्या विटेच्या भिंतीत पाइपाची खाच कोणत्याही बाजूने कापलेली असू शकते, म्हणून दोन्ही खोल्यांतून तपासा आणि खुणा पेन्सिलीने करा.

प्रतिसाद २

पेनपेक्षा डीबीचे झाकण काढून पाइप कोणत्या बाजूने आत शिरतात ते पाहणे अधिक खात्रीचे आहे; परंतु हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे, कारण मेन पाडल्यावरही त्याच्या आत येणाऱ्या टोकाला मीटरकडची वीज असतेच. मेनच्या बाजूचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन तोडणारे बटण) इन्व्हर्टरवर चालणाऱ्या लाईनचे रक्षण करीत नाही, हेही विसरू नका.

भोक पाडताना मेन बंद, इन्व्हर्टर बंद, त्याचा प्लगही काढलेला, असा क्रम ठेवावा. ड्रिल बॅटरीवरचे घ्यावे किंवा शेजाऱ्यांकडून एक्स्टेंशन आणावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ड्रिलच्या ब्रशांतून ठिणग्या पडतात. म्हणून ट्रॉली आदल्या रात्रीच दुसऱ्या खोलीत न्यावी आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आधी हॅमर (ड्रिलची ठोके देणारी सोय) न लावता ६ मिलिमीटरचे बिट चालवावे. गिलाव्याची राखाडी पूड, मग विटेची लाल पूड, असेच यायला हवे. पांढरे प्लास्टिकचे कीस दिसले तर त्याच क्षणी थांबावे.

मूळ प्रश्नकर्ता, नऊ दिवसांनी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. इलेक्ट्रिशियनने झाकण काढले तेव्हा चार पाइप वरून आलेले दिसले, पण पाचवा डाव्या कडेतून, खालच्या अंगाने, तिरपा निघाला होता. मी पेन्सिलीने जिथे फुली मारली होती, त्या फुलीखालूनच तो जात होता. फुली खोडून ती स्कर्टिंगच्या वर चार बोटांवर, त्या पाइपापासून दूर मारली, दोन्ही बाजूंनी पेन फिरवला आणि रविवारी सकाळी शेजारच्या काकांकडून एक्स्टेंशन घेऊन भोक पाडले. पूड शेवटपर्यंत लालच आली. पलीकडच्या गिलाव्याचा रुपयाएवढा टवका मात्र उडाला, कारण शेवटच्या इंचाला मला धीर धरवला नाही आणि मी हॅमर लावला.