'मार्ककृत शुभवर्तमान' : इथे 'कृत' चालेल का?

प्रश्न : मराठी बायबलात येशूची कथा सांगणाऱ्या ग्रंथांना, म्हणजे शुभवर्तमानांना, 'मत्तयकृत', 'मार्ककृत' असे मथळे आढळतात. या ग्रंथांवर साहित्य आणि इतिहास म्हणून लिहिताना 'एकनाथकृत भागवत' म्हणतो त्याच अर्थाने ते घ्यायचे का?

उत्तर : नको. एकनाथांच्या बाबतीत कर्ता ठाऊक आहे आणि 'एका जनार्दनीं' ही मुद्राही रचनेतच येते. मार्कच्या संहितेत लेखकाचे नाव कुठेच नाही. नाव आहे ते मथळ्यात. आणि ग्रीक मथळ्यात शब्द आहे 'कता', म्हणजे 'नुसार', 'प्रमाणे'. पंचाहत्तर क्रमांकाच्या पपायरसचे, म्हणजे लूक आणि योहान यांच्या एका प्राचीन ग्रीक हस्तलिखिताचे, एक पान त्यासाठी जरूर पाहावे. लूकचा मजकूर संपतो, त्याखाली 'एवांगेलिऑन कता लूकान' (लूकनुसार सुवार्ता), थोडी मोकळी जागा, मग 'एवांगेलिऑन कता योआनेन' आणि लगेच योहानाचे पहिले शब्द 'एन आर्खे', प्रारंभी. सुवार्ता एकच, सांगणारे वेगळे, असा त्या 'कता'चा रोख आहे. 'कृत' म्हटले की तो रोखच जातो. म्हणून 'मार्कनुसार शुभवर्तमान' लिहावे. वाक्यातही 'मार्क म्हणतो' ऐवजी 'मार्कमध्ये येते' बरे. व्यक्तीच अभिप्रेत असेल तर 'मार्कचा लेखक'.

पुरवणी : 'शुभवर्तमान' शब्दही जपून वापरायला हवा. बायबलातच प्रेषित पौलाची पत्रे आहेत; त्यांतल्या रोमकरांस पत्रात (2:16) 'कता तो एवांगेलिऑन मू' आहे. त्याचे 'माझ्या शुभवर्तमानाप्रमाणे' केले की नवखा वाचक पौलाने लिहिलेला एखादा ग्रंथ शोधू लागतो. हे पत्र इ. स. 57 च्या सुमाराचे. तेव्हा या शब्दाचा अर्थ तोंडी घोषणा, ग्रंथ नव्हे. ग्रंथ या अर्थी 'एवांगेलिआ' हे अनेकवचन जस्टिन या दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकाकडे स्पष्ट दिसते, इ. स. 155 च्या आसपास. तोही आधी त्यांना प्रेषितांच्या 'आठवणी' म्हणतो. त्यामुळे पौलाकडे 'सुवार्ता' आणि ग्रंथनामात 'शुभवर्तमान' अशी वाटणी केली तर घोटाळा टळतो. मार्क 1:1 मधला 'शुभवर्तमानाचा प्रारंभ' मात्र अवघड आहे. तिथला शब्द घोषणेकडे झुकतो, पण वाक्य ग्रंथाच्या दारातच उभे आहे. तिथे मी 'सुवार्ता'च ठेवीन.

प्रतिप्रश्न : मग 'पौलकृत पत्र' तरी चालेल ना? तिथे पहिलाच शब्द 'पौल' असतो.

उत्तर : कर्ता या अर्थी सात पत्रांपुरते चालेल : रोम, करिंथची दोन, गलती, फिलिप्पै, पहिले थेस्सलनीका, फिलेमोन. बाकीच्यांच्या कर्तृत्वावर कमीअधिक वाद आहे. तिथे नुसता आरंभीचा 'पौल' पुरावा म्हणून पुरत नाही, कारण थोरांच्या नावाने पत्रे रचण्याची रीत त्या काळी होती. आणि सातांतही 'पौलाने लिहिले' हे क्रियापद सैल पडते. रोम 16:22 मध्ये लेखनिक स्वतःच बोलतो, 'हे पत्र लिहिणारा मी तर्तियस'. उलट गलती 6:11 मध्ये पौल म्हणतो, पाहा, किती मोठ्या अक्षरांत मी स्वहस्ते लिहीत आहे. मजकूर पौलाचा, हात कधी तर्तियसचा. म्हणून रोमच्या बाबतीत 'पौलाने सांगितलेले, तर्तियसने उतरवलेले' असे लिहावे.